थकवा घालवणाऱ्या गोळीचा थकवा

२६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी गेल्या, तेव्हा त्यांचं बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. १८६५ साली कल्याणात जन्मलेली ही जोशांची यमुना. नवव्या वर्षी तिचं लग्न कल्याणच्याच टपाल कचेरीत कारकुनी करणाऱ्या गोपाळरावांशी झालं आणि मार्च १८८६ मध्ये ती फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडली. तिच्या चरित्रात अशक्तपणा आणि डोकेदुखी ही जोडी पुन्हा पुन्हा भेटते. कलकत्त्यात असतानाच अंगात त्राण उरेना, डोकं सतत ठणके, मधूनच ताप येई, धाप लागे. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी अमेरिकेहून औषधं पाठवली, पण त्यांचा गुण आला नाही. अखेर क्षयाने ती गेली. त्याच १८८७ साली बर्लिनमध्ये लाझार एडेलेआनू या रुमानियन रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत एक नवं संयुग तयार केलं. आज आपण त्याला अ‍ॅम्फेटामाइन म्हणतो. त्याचा उपयोग काय, हे पुढची चाळीस वर्षं कुणाला ठाऊक नव्हतं. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरीही मागोवा इथूनच सुरू करावासा वाटतो, कारण एकोणिसाव्या शतकाची ती अखेरची वर्षं थकव्याकडे नव्याने पाहणारी होती, आणि थकवा पळवून लावण्याचं वचन देणारं रसायन नेमकं तेव्हाच जन्माला आलं.

आज कल्याणात एखाद्या शाळकरी मुलाला किंवा नोकरदार बाईला एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचं, निदान होतं, उत्तेजक औषधाची गोळी सुरू होते, अभ्यासात किंवा कामात लक्ष लागू लागतं, आणि थोड्याच दिवसांत घरात एक अनपेक्षित तक्रार ऐकू येते: गोळी सुरू झाल्यापासून फार दमायला होतं. औषध उत्तेजक आणि परिणाम थकवा, हे ऐकणाऱ्याला उलटं वाटतं. कुणी निदानावर शंका घेतं, कुणी डॉक्टरांवर, आणि बहुतेक वेळा दोष येतो तो गोळी घेणाऱ्याच्या आळसावर. हा थकवा खरा आहे आणि जुना आहे. या औषधाच्या जन्मापासून तो त्याच्या बरोबरीने चालत आला आहे. तो कुठून आला हे पाहायचं तर आपल्याला बरंच मागे जावं लागेल.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पन्नास महाकषाय सांगितले आहेत. त्यांतला एक ‘श्रमहर’, म्हणजे थकवा हरण करणारा. त्यातली दहा द्रव्यं वाचताना आपण एखाद्या वैद्याच्या खलापाशी आहोत की फळबाजारात, असा प्रश्न पडतो: द्राक्ष, खजूर, चारोळी, बोर, डाळिंब, अंजीर, फालसा, ऊस, जव आणि साठीचा तांदूळ. दहाच्या दहा खाण्याच्या वस्तू. श्रमलेल्या देहाला आधी पोषण द्यावं, ही त्यामागची सरळ समजूत. सुश्रुताने त्यापुढे जाऊन एक वेगळाच थकवा नोंदवला आहे: कष्ट न करता येणारा, धाप न लावणारा, पण इंद्रियांना आपापल्या कामात अडवणारा. ‘क्लम’ हे त्याचं नाव. अंगमेहनत केलेली नसताना डोळ्यांसमोरचं पान दिसेनासं होतं, कानावर पडलेलं आत शिरत नाही, अशी ती अवस्था. उत्तेजक औषध घेणारी माणसं दुपारच्या थकव्याचं जे वर्णन करतात, ते याच्या फार जवळचं आहे.

युरोप-अमेरिकेत थकव्याला रोगाचा दर्जा मिळाला तो १८६९ मध्ये. जॉर्ज बिअर्ड या अमेरिकी डॉक्टरने ‘न्यूरास्थेनिया’ ही संज्ञा रूढ केली. रेल्वे, तारयंत्रं आणि वर्तमानपत्रं यांच्या धावपळीने मज्जासंस्थेतली शक्ती आटते, असं त्याचं प्रतिपादन होतं. आपल्याकडे त्याआधीच, १ मे १८५४ रोजी, आगगाडी ठाण्याहून पुढे कल्याणपर्यंत पोहोचली होती. शक्ती आटवणाऱ्या त्या नव्या गतीत कल्याणही सामील झालं होतं. पुढे इटलीत तुरीनच्या अँजेलो मोस्सोने एर्गोग्राफ नावाचं यंत्र बनवलं. एका बोटाला दोरी, दोरीला वजन, आणि ते वजन वारंवार उचलताना बोट कसं थकत जातं याचा फिरत्या नळकांड्यावर उमटणारा आलेख, असं ते यंत्र. त्याच्या एका सहकाऱ्याने विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेतल्या आणि त्याआधी व नंतर स्वतःच्या बोटाची ताकद मोजली. दिवसभर नुसते प्रश्न विचारून त्याचे स्नायू थकले होते. मोस्सोचं ‘ला फातिका’ हे पुस्तक १८९१ मध्ये आलं. डोक्याने केलेलं काम सगळ्या शरीराला दमवतं, ही आज आपल्याला सहज वाटणारी गोष्ट तेव्हा अशी एका बोटावर मोजून दाखवावी लागली.

उत्तेजकाची दुसरी शाखा एका झुडपाकडे जाते. पारशी धर्मविधीत, यस्नामध्ये, होमाच्या काड्या डाळिंबाच्या काडीबरोबर कुटून त्यांचा रस काढतात. इराणातून येणाऱ्या या काड्या एफेड्रा या वनस्पतीच्या. ठाण्यातली पटेल अग्यारी अठराव्या शतकापासून उभी आहे, आणि कल्याणचं पारशांशी नातंही जुनं आहे. म्हणजे या कथेतली मूळ वनस्पती आपल्या परिसराला परकी नव्हती. चीनमध्ये तिचीच एक जात ‘मा हुआंग’ या नावाने दम्यावर आणि सर्दीवर दिली जाई. जपानच्या नागाई नागायोशी यांनी १८८५ मध्ये तिच्यातून एफेड्रीन वेगळं काढलं. १९२४ मध्ये पेकिंगमध्ये चेन आणि श्मिट यांनी ते आधुनिक वैद्यकाच्या दारात आणलं. दम्याला इतका आराम पडू लागला की झुडूप पुरेल का, ही चिंता सुरू झाली, आणि पर्यायाचा शोध घेता घेता लॉस एंजेलिसचा गॉर्डन अ‍ॅलेस एडेलेआनूच्या विस्मृतीत गेलेल्या संयुगापाशी येऊन थांबला. जून १९२९ मध्ये त्याने ते टोचून घेतलं, स्वतःलाच. प्रसन्न वाटलं, छाती धडधडली, आणि रात्री झोप नीट लागली नाही, मन एका विषयावरून दुसऱ्यावर धावत राहिलं, असं त्याने टिपून ठेवलं. या औषधाच्या मानवी इतिहासातल्या पहिल्याच रात्रीची ही नोंद मला फार महत्त्वाची वाटते. गोळी दिवस उजळते, पण रात्रीच्या झोपेतून वसुली करते, हे त्या पहिल्या टिपणातच होतं.

अ‍ॅम्फेटामाइन ‘बेन्झेड्रिन’ या नावाने बाजारात आलं. आधी नाक मोकळं करणारी नळी, मग गोळ्या. १९३५ मध्ये ते अनावर झोपेच्या आजारावर, नार्कोलेप्सीवर, वापरलं गेलं. आणि मग १९३७ साल उजाडलं. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये ब्रॅडली दांपत्याने आपल्या आजारी मुलीच्या, एमाच्या, नावाने मुलांसाठी एक रुग्णालय काढलं होतं. तिथे चार्ल्स ब्रॅडली हे डॉक्टर मुलांच्या मेंदूची चित्रं घेत. त्यासाठी कण्यातून पाणी काढून हवा भरावी लागे, आणि नंतर मुलांचं डोकं भयंकर दुखे. बेन्झेड्रिनने ते पाणी लवकर पुन्हा तयार होईल, अशा अपेक्षेने त्यांनी गोळ्या दिल्या. डोकेदुखीला फारसा उतार पडला नाही, पण शिक्षक थक्क झाले. तीस मुलांपैकी चौदा जणांच्या अभ्यासात विलक्षण सुधारणा झाली. मुलांनीच त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या म्हणायला सुरुवात केली. सकाळी दिलेल्या गोळीचा परिणाम पहिल्याच दिवशी दिसे आणि गोळी थांबवली की त्याच दिवशी ओसरे. या प्रयोगावरच्या निबंधात ब्रॅडलींनी आणखी एक निरीक्षण लिहून ठेवलं: पंधरा मुलं भावनिकदृष्ट्या स्पष्टपणे शांत, दबलेली झाली. चंचल मुलाला शांतपणा लाभणं आणि मूल मलूल दिसणं, या दोहोंमधली सीमा किती पुसट आहे, हा प्रश्न तिथे पहिल्यांदा उमटला. त्याच १९३७ साली मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने मुलांच्या मनाची विचारपूस करणारं देशातलं पहिलं चाइल्ड गायडन्स क्लिनिक उघडलं. दोन्हीकडे मुलाच्या वागण्यामागे कारण शोधायला सुरुवात झाली होती, पण ब्रॅडलींचा शोध पुढे जवळजवळ पाव शतक अडगळीत पडून राहिला.

मध्ये युद्ध आलं. जर्मनीने १९३८ पासून बाजारात असलेलं पर्व्हिटिन, म्हणजे मेथॅम्फेटामाइन, आपल्या सैन्याला पुरवलं. १९४० च्या एप्रिल ते जुलै या काळात साडेतीन कोटी गोळ्या वाटल्या गेल्याची नोंद आहे. ब्रिटिशांनी बेन्झेड्रिन वापरलं, आफ्रिकेच्या वाळवंटात आणि ब्रह्मदेशाच्या जंगलात लढणाऱ्या चिंडिट या खास तुकड्यांबरोबरही. त्याच युद्धात कल्याणलगत ब्रिटिशांनी सैनिकांच्या ये-जासाठी भली मोठी छावणी उभारली. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित राहू लागले आणि १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. युद्धाने या औषधाबद्दल जे शिकवलं ते एका वाक्यात सांगता येईल: गोळी शक्ती देत नाही, थकल्याची जाणीव पुढे ढकलते. दोन रात्री जागलेला सैनिक तिसऱ्या दिवशी चालतो, चौथ्या दिवशी कोसळतो, आणि कधीकधी त्याला नसलेली माणसं दिसतात. जर्मनीने जुलै १९४१ मध्ये पर्व्हिटिनवर अफूच्या कायद्याखाली निर्बंध घातले. जपानमध्ये युद्धानंतर फिलोपॉनच्या, म्हणजे तिथल्या मेथॅम्फेटामाइनच्या, व्यसनाची लाट आली आणि १९५१ मध्ये तिथे खास कायदा करावा लागला.

आज कल्याणच्या मुलाला जी गोळी मिळते, ती याच घराण्यातली चुलत शाखा आहे. स्वित्झर्लंडमध्ये बाझल इथल्या सीबा कंपनीत लेआंद्रो पानित्सोन या रसायनशास्त्रज्ञाने १९४४ मध्ये मेथिलफेनिडेट बनवलं. त्याची बायको मार्गरिट, घरातली रीटा. तिचा रक्तदाब कमी असे. टेनिस खेळण्याआधी ती हे औषध घेई आणि तिला हुशारी वाटे. तिच्या नावावरून औषधाचं नाव पडलं रिटालिन. १९५४ मध्ये ते बाजारात आलं तेव्हा मुलांचा कुठे उल्लेखही नव्हता. दीर्घकाळचा थकवा, मरगळ, उदासी आणि नार्कोलेप्सी यांवरचं ते औषध होतं. आपला सगळा मागोवा या ठिकाणी येऊन वळण घेतो. थकलेल्या माणसाला तरतरी यावी म्हणून जे बाजारात आलं, तेच औषध पुढे चंचल मुलाला स्थिर करण्यासाठी दिलं जाऊ लागलं, आणि थकवा त्याच्या दुष्परिणामांत जाऊन बसला. रिटालिनच्या माहितीपत्रकातल्या प्रतिकूल परिणामांच्या यादीत भूक मंदावणे आणि डोकेदुखी यांच्या ओळीत ‘गुंगी’ हा शब्द छापलेला असे, निद्रानाशाच्याच कागदावर.

हे वळण घडलं साठच्या दशकात. लिऑन आयझेनबर्ग आणि कीथ कॉनर्स यांनी बाल्टिमोरमध्ये १९६३ च्या सुमारास मुलांवर मेथिलफेनिडेटची शास्त्रीय चाचणी घेतली. अशा चंचल मुलांचं वर्णन त्याआधीच झालं होतं. लंडनच्या जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये रॉयल कॉलेजच्या व्याख्यानांत ते केलं, ठाण्याचं मनोरुग्णालय उघडल्याच्या पुढच्याच वर्षी. पण औषधाने या मुलांना शांत का वाटतं, हे कुणाला उमगत नव्हतं. त्यांचा मेंदूच वेगळा, म्हणून उत्तेजक त्यांना उलट्या दिशेने लागू पडतं, अशी समजूत रुजली. १९७८ मध्ये ज्युडिथ रॅपोपोर्ट यांनी एडीएचडी नसलेल्या चौदा मुलांना डेक्स्ट्रोअ‍ॅम्फेटामाइनचा एकच डोस दिला, तर तीही स्थिर झाली, त्यांचीही चुळबुळ घटली. म्हणजे उलटी दिशा वगैरे काही नव्हती. आणि डोस देऊन सुमारे पाच तास झाल्यावर, औषध उतरताना, मुलांचं वागणं उलट बिघडल्याचं दिसलं. याला रिबाउंड म्हणतात. पालक त्याला ‘औषध उतरलं’ म्हणतात, आणि तो उतार कधी चिडचिडीच्या रूपात येतो, कधी रडण्याच्या, कधी निव्वळ थकव्याच्या.

उताराचं गणित औषधाच्या आयुष्याशी बांधलेलं आहे. साध्या मेथिलफेनिडेटचं रक्तातलं प्रमाण दोन-तीन तासांत निम्मं होतं आणि परिणाम तीन-चार तास टिकतो. मेंदूतलं डोपामाइन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन पेशींत परत शोषलं जाऊ नये, म्हणून ते त्याची वाट अडवतं. वाट मोकळी झाली की पातळी घसरते. दिवसभर एकसारखा परिणाम मिळावा म्हणून जेम्स स्वॉन्सन यांच्या गटाने नव्वदच्या दशकात मुलांना दिवसभर थोडं थोडं औषध देऊन पाहिलं. पातळी सपाट ठेवली तर दुपारपर्यंत तेवढीच मात्रा अपुरी पडू लागे, एका दिवसातच शरीर तिला सरावत होतं. म्हणून दिवसाच्या उत्तरार्धात पातळी चढती ठेवणारी गोळी बनवली गेली आणि २००० मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. लांब टिकणाऱ्या गोळ्यांनी उतार सौम्य केला, पण तो संध्याकाळवर ढकलला.

भारतात या औषधाभोवती कायद्याची कडक चौकट आहे. १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर आणि १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर मेथिलफेनिडेट मनावर परिणाम करणाऱ्या नियंत्रित द्रव्यांत आलं. औषध नियमांच्या अनुसूची एक्समध्येही ते आहे. ही गोळी हातात घेऊन पाहा: पट्टीवर लाल रंगात ‘एक्सआरएक्स’ अशी खूण असते. दुकानदाराकडे वेगळा परवाना हवा, औषध कुलपात ठेवायचं, आणि चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यांतली एक दुकानदाराने दोन वर्षं जपून ठेवायची. असा परवाना असलेलं दुकान प्रत्येक नाक्यावर नसतं. म्हणून आईबाबा पट्टी मिळाली की हायसं वाटून घरी येतात आणि थकव्याबद्दल विचारायला महिनाभराने पुढची चिठ्ठी घ्यायची वेळ येईपर्यंत थांबतात. एवढ्यासाठीच फोन कशाला करायचा, असं त्यांना वाटतं. तो फोन करायला हवा.

कारण या थकव्यामागची कारणं निरनिराळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगवेगळे. कल्याण पश्चिमेच्या एखाद्या घरात दुपारी दीड वाजता मुलगा शाळेतून येतो, दप्तर टाकतो आणि एक बूट काढून सोफ्यावर तसाच बसून राहतो. आई डबा उघडते, पोळी-भाजी सकाळी भरली तशीच. आजी म्हणते, “गोळी देऊन पोराला पार मलूल केलंय गं.” बाबा म्हणतात, “सगळी नाटकं आहेत, अभ्यास नको म्हणून.” डब्याकडे नीट पाहिलं तर अर्धं उत्तर तिथेच मिळतं. औषधाने भूक मरते, मूल उपाशी राहतं, पाणीही कमी पितं, आणि औषध उतरण्याची वेळ नेमकी भुकेच्या वेळेशी जुळते. चरकाच्या दहा द्रव्यांचं महत्त्व इथे कळतं: सकाळी गोळीच्या आधी पोटभर नाश्ता आणि शाळेत सक्तीशिवाय खाता येईल असं काही, खजूर, चिक्की, केळं, यांनी अनेक घरांत दुपार सावरते. दुसरं कारण रात्रीचं. एडीएचडी असलेल्या अनेकांना झोप मुळातच उशिरा लागते, त्यात दुपारनंतर घेतलेली मात्रा ती आणखी लांबवते. तिसरं कारण मात्रेचं: ती गरजेपेक्षा जास्त असेल तर मूल शांत न होता दबतं, हसणंबोलणं कमी होतं, ब्रॅडलींच्या त्या पंधरा मुलांसारखं. आणि काही वेळा थकवा या गोळीचा नसतोच. एडीएचडीसाठी दिलं जाणारं अ‍ॅटोमोक्सेटिन किंवा सोबत दिलेलं क्लोनिडिन झोप आणतं, आणि रक्ताल्पता, थायरॉइड, उदासीनता हेही तपासून पाहावं लागतं.

मोठ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. कल्याणहून मुंबईला नोकरीला जाणारी बाई पहाटे उठते, डबे करते, गर्दीच्या लोकलमध्ये चोपन्न किलोमीटर जाते आणि तेवढंच परत येते. तिशी-चाळिशीत तिला एडीएचडीचं निदान होतं. त्याआधीची सगळी वर्षं ती घाईवर, धास्तीवर आणि शेवटच्या क्षणीच्या धावपळीवर चालत आलेली असते. गोळीने पहिल्यांदा मन थांबतं, आणि मन थांबल्यावर इतकी वर्षं साचलेली झोपेची थकबाकी तिला जाणवू लागते. हा थकवा गोळीने आणलेला नसतो, गोळीने तो दाखवलेला असतो. तिच्या कार्यालयात दुपारी दोनच्या सुमारास कुणी म्हणतं, “अगं, चहा घे, तरतरी येईल.” तो चहा घेतला की संध्याकाळी धडधड आणि रात्री जाग, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एडीएचडीच्या उपचारासाठी भारतात उत्तेजक म्हणून मुख्यतः मेथिलफेनिडेटच मिळतं, त्यामुळे डॉक्टरांच्या हातातल्या जागा मोजक्या आहेत: मात्रा कमी करणं, वेळ बदलणं, कमी वेळ टिकणाऱ्या गोळीवरून लांब टिकणाऱ्या गोळीवर जाणं, उताराच्या वेळी अगदी लहान मात्रा देणं, किंवा वेगळ्या जातीचं औषध निवडणं. यांतली कुठली जागा वापरायची, हे थकवा दिवसाच्या कुठल्या वेळी येतो यावर ठरतं. गोळीनंतर तासाभरात आला तर मात्रेकडे पाहावं लागतं, चार तासांनी आला तर उताराकडे, आणि दिवसभर राहिला तर झोपेकडे व रक्ताच्या तपासणीकडे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली, तेव्हापासून या पट्ट्यात मनाच्या तक्रारी मोकळेपणाने बोलायची वाट रुंदावत गेली आहे. तपासणीला जाताना वहीत पाच रकाने आखून नेले तर डॉक्टरांचं काम सोपं होतं: गोळीची वेळ, खाल्लं काय, थकवा कधी आला, चिडचिड कधी झाली, आणि रात्री झोप किती वाजता लागली. गोळी स्वतःहून बंद करण्याआधी किंवा वाढवण्याआधी दोन आठवड्यांची अशी वही डॉक्टरांपुढे ठेवावी, आणि त्यातला थकव्याचा रकाना आईने किंवा नवऱ्याने न भरता ज्याला तो येतो त्यानेच भरावा.